देवाच्या राज्याची शीव

एम.ए.च्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना दरवर्षी एखादा तरी प्रश्न असा येतो, की त्या दिवशीचे व्याख्यान तिथेच अडते. काही वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले म्हणता, ख्रिस्तावर इतकी कविता लिहिली म्हणता, पण आमच्या इगर्जीत त्यांचे नाव मी कधी ऐकले नाही. ते आमचे नव्हेत का?” ती जन्माने कॅथलिक. मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले : टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, तुमचा पंथ रोमन कॅथलिक. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, “म्हणजे त्यांच्यातही असतेच.” काय असते ते त्याने सांगितले नाही, आणि वर्गात कोणाला विचारावेही लागले नाही. मुलगी मात्र गप्प झाली.

माझे उत्तर चुकीचे नव्हते. पण तिने पंथाचे नाव विचारले नव्हते; आपले कोण आणि परके कोण हे कोणी ठरवले, असे तिला विचारायचे होते. त्या प्रश्नाचा माग काढत गेल्यावर लक्षात आले, की सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर हा प्रश्न किमान पावणेचारशे वर्षे जुना आहे. तो विचारणारा पहिला ठळक माणूस टिळकांच्याही आधी अडीचशे वर्षे बांदा-वेंगुर्ल्याच्या परिसरात वावरून गेला, आणि त्याचे नाव आमच्या वाङ्मयेतिहासात कुठेही येत नाही.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी. येशूच्या उपदेशाचा गाभा ज्या कल्पनेत आहे, तिला मराठी बायबलात ‘देवाचे राज्य’ असे म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेइया’. अभ्यासक सांगतात, की त्यात भूप्रदेशापेक्षा राज्य करण्याच्या क्रियेवर, देवाच्या सत्तेवर भर आहे. लूकच्या शुभवर्तमानात तर हे राज्य अमुक ठिकाणी आहे असे बोट दाखवून सांगता येणार नाही, या आशयाचे वचनच आहे. मराठीतला ‘राज्य’ हा शब्द मात्र जमिनीला घट्ट चिकटलेला. राज्य म्हटले की सरहद्द आली, सरहद्दीवर चौकी आली. आणि मालवणी माणसाच्या कानाला तर देवाचे राज्य ही कल्पना मुळीच परकी नाही. गावचा देव हाच गावचा धनी. रवळनाथ असो, सातेरी असो की आरवलीचा वेतोबा असो, त्याची सत्ता गावच्या शिवेपर्यंत चालते. गाऱ्हाणे घालताना त्याला ‘म्हाराजा’ म्हणूनच साद घालतात. त्याच्या दरबारात मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, कोणी कुठे उभे राहायचे हे ठरलेले असते, आणि शिवेपलीकडचा तो पलीकडचा. ख्रिस्ती धर्म या किनाऱ्यावर आला तेव्हा तो ज्या देवाच्या राज्याची घोषणा करीत होता त्याला शीव नसावी, असे निदान त्याच्या ग्रंथांत लिहिलेले होते. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद उरला नाही असे स्पष्टच बजावले आहे. प्रत्यक्षात मात्र या राज्याला एकामागून एक शिवा पडत गेल्या. त्यांतल्या काही बाहेरच्यांनी घातल्या आणि काही आपल्याच लोकांनी.

पहिली गोष्ट भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मरेपर्यंत, मुख्यतः सासष्टीत राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची निर्मिती का झाली, ते ग्रंथातच सांगितले आहे : बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि त्यांच्या जागी आम्हांला काही द्या अशी मागणी त्यांनीच केली. स्टीफन्सने ती मागणी मराठीत, ओवीत, पुराणाच्या सांगाड्यात पुरी केली. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. हा शब्द योजताना त्याला वैष्णवांचे वैकुंठ ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. देवाच्या राज्यात शिरणाऱ्या नव्या माणसाला निदान उंबरठ्यावरचा शब्द तरी ओळखीचा वाटावा, एवढी त्याची काळजी होती. आम्ही स्टीफन्सची आठवण काढतो ती मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्यांसाठी. शाळेच्या पुस्तकांनी त्या ओव्यांपलीकडचे पुराण जणू झाकूनच टाकले. त्याची खरी कामगिरी मला या एका ‘वैकुंठा’त दिसते.

पण पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी असे ठरवले. शब्दाने उघडलेले दार फर्मानाने अर्धे लोटले गेले. फर्मान पुरते अमलात आले नाही हे खरे. लोक कोंकणीच बोलत राहिले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांत. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला, आणि देवनागरीत संपूर्ण यायला १९५६ साल, शांताराम बंडेलू यांची आवृत्ती, उजाडावे लागले.

आता त्या विस्मृत माणसाकडे. मातेउस द कास्त्रु हा दिवाडी बेटावरच्या ख्रिस्ती ब्राह्मण घरातला मुलगा. जन्म साधारण १५९४चा. बारदेशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कनांकडे शिकला. त्याला पाद्री व्हायचे होते. गोव्याच्या आर्चबिशपने नकार दिला. विद्या कमी पडली असे नव्हते. तो ‘इथला’ होता. पोर्तुगीज अमदानीत इथल्या माणसाने प्रार्थना म्हणावी, मेणबत्ती धरावी, फार तर दुय्यम पाद्री व्हावे. वेदीवरची मुख्य जागा युरोपियनांची. कास्त्रुने मग जे केले ते त्या काळी कोणाला सुचले असते असे वाटत नाही. तो निघाला आणि खुश्कीच्या मार्गाने थेट रोमला पोहोचला. रोममध्ये १६२२ साली धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फीदे’ नावाचे नवे मंडळ स्थापन झाले होते, आणि त्याचा पहिला चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हा स्थानिक लोकांतून पाद्री घडवावेत या मताचा होता. कास्त्रुला तिथे शिक्षण मिळाले, दीक्षा मिळाली. कागदपत्रे घेऊन तो गोव्यात परतला, तर गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी ती मानलीच नाहीत. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली त्याला बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. लॅटिन परंपरेतला हा पहिला भारतीय बिशप.

बिशप तर झाला. पण धर्मप्रांत कुठला? पोर्तुगालच्या राजाला पोपने पूर्वीच ‘पाद्रोआदो’चा, म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्ती संस्थांच्या आश्रयदातेपणाचा हक्क देऊन ठेवलेला होता, त्याच्या अमलाखाली कास्त्रुला जागा मिळणे शक्य नव्हते. म्हणून रोमने त्याला आदिलशाही मुलूख नेमून दिला. त्याच्या अधिकारक्षेत्राचे नाव ‘इदलखान’, म्हणजे आदिलखान, हे पोर्तुगिजांच्या तोंडी बसलेले नाव. एका मुसलमान सुलतानाच्या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्ती धर्मक्षेत्र! हिंदू घराण्यातून आलेल्या ख्रिस्त्याला पोर्तुगिजांच्या कॅथलिक राज्यात जागा नव्हती आणि विजापूरच्या राज्यात ती मिळाली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी थोडी थांबून पाहावी अशी आहे. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. कास्त्रुने तिथे ठाण मांडले आणि डिचोली, बांदा व वेंगुर्ले या ठिकाणी चर्च उभारली. यांतली शेवटची दोन ठिकाणे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. वेंगुर्ल्यात त्याच सुमाराला डच व्यापाऱ्यांची वखार बसली होती. डच प्रॉटेस्टंट, म्हणून पोर्तुगिजांच्या लेखी पाखंडी आणि वर व्यापारातले वैरी. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यावर या एवढ्याशा बंदराच्या आसपास ख्रिस्ताला मानणारे तीन पक्ष होते : पोर्तुगालच्या राजाचे, रोमच्या मंडळाचे आणि डच कंपनीचे. तिघांनाही एकच प्रार्थना येत होती, आणि त्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ असे मागणे आहे.

कास्त्रुने आपल्या अधिकारात गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणांना दीक्षा दिल्या. त्या गोव्यात अवैध ठरवल्या गेल्या. इथिओपियाचा पाट्रिआर्क म्हणून नेमलेला आणि गोव्यात येऊन राहिलेला जेझुइट आफोंसो मेंडिस याने तर त्याच्या काळ्या वर्णावरून त्याची हेटाळणी केली. १६५३ साली कास्त्रुने गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून एक पत्र लिहिले. ‘ब्राह्मणांचा आरसा’ असे त्याचे नाव. पुढच्याच वर्षी विजापूरचे सैन्य बारदेश-सासष्टीत शिरले, तेव्हा हे कास्त्रुच्या चिथावणीने झाले, असा आरोप पोर्तुगिजांनी केला. डचांशी संधान बांधल्याचा आरोपही त्याच्यावर होता. अखेर तो रोमला परतला आणि १६७७ साली तिथेच वारला. त्याच्या मागून हेच काम कुस्तोदियू द पिन्यू या दुसऱ्या गोवेकर बिशपाने सांभाळले.

राष्ट्रवादी इतिहासकारांना कास्त्रु फार आवडतो, आणि ते साहजिक आहे. पण त्याच्या त्या पत्राचे नाव पुन्हा एकदा वाचावे. आरसा ब्राह्मणांचा आहे. गोऱ्या पाद्रींनी आपल्याला बाहेर ठेवले याचा त्याला संताप आहे; आपण ज्यांना बाहेर ठेवतो त्यांचा त्या आरशात मागमूसही नाही. इथल्या माणसाला वेदीपाशी जागा हवी, या त्याच्या मागणीतला ‘इथला माणूस’ म्हणजे ब्राह्मण. पुढे गोव्यात हीच रीत वाढली : ओरेटरीचा संघ ब्राह्मण पाद्रींचा झाला, तर त्यात प्रवेश नसलेल्या चारदो पाद्रींनी कार्मेलाईटांचा आपला वेगळा संघ काढला. गावोगावच्या कोंफ्रारिया, म्हणजे चर्चच्या उत्सवाचा मान सांभाळणाऱ्या मंडळ्या, जातवार वाटल्या गेल्या. कोणाचा झगा लाल, कोणाचा निळा, मिरवणुकीत कोण पुढे, यावरून तंटे झाले. आपल्याकडच्या देवळातले मानपान आणि हे यांत मला फरक करता येत नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा जे बोलला ते अज्ञानातून, पण त्यात तथ्य होते.

गोव्यातून सावंतवाडीच्या मुलखात ख्रिस्ती कुटुंबे आली ती एका वेळी नव्हे आणि एका कारणानेही नव्हे. इंक्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे वगळता, चालू होते. बाप्तिस्मा झाल्यावरही घरात तुळस ठेवली, लग्नात जुने गाणे म्हटले, तर चौकशी. त्याखेरीज मराठ्यांच्या स्वाऱ्या, दुष्काळ, करांचा जाच, रोगराई. बारदेशची हद्द ओलांडली की सावंतांचा मुलूख. दक्षिणेला कानडा प्रांतात गेलेल्यांचा इतिहास मंगळूरकरांनी हौसेने लिहिला. उत्तरेला आलेल्यांनी स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही. ते शेतकरी, रेंदेर, मच्छीमार, सुतार झाले, पुढे मुंबईला बोटीवर आणि बटलरकीला गेले. घरात कोंकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी, इगर्जीत लॅटिन, अशा चार भाषांत ते वावरत राहिले. राजा हिंदू होता, आणि पाद्री पुष्कळ वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या हुकुमातला, म्हणजे अंतिमतः पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदोतला.

या लोकांच्या धर्मजीवनातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे गोव्यात मानतात. सात बहिणींच्या कथेत ती एक बहीण ख्रिस्ती झालेली. फेस्ताच्या दिवशी हिंदू भाविक तिला तेल वाहतात. सावंतवाडीची इगर्जही मिलाग्रीस सायबिणीच्याच नावाची आहे. लोकमानसाने काय केले पाहा : धर्म बदलला म्हणून नाते तोडले नाही, देवतेला बहीण म्हणून ठेवून घेतले. याला एकात्मता वगैरे जड शब्द लावण्याची गरज नाही. बहिणी आहेत, एवढे पुरे.

आणि याच किनाऱ्यावर, वेंगुर्ल्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आले. या मिशनचे मुख्य ठाणे कोल्हापूर. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली तिथे सुरू केलेले काम पुढे घाट उतरून कोकणात आले. वेंगुर्ल्याचे मिशन हॉस्पिटल दूरदूरच्या गावांतल्या लोकांनी वापरले. तिथले डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट फ्रान्सिस गोहीन १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. (आमच्या भागातल्या सत्कार समित्यांच्या नजरेतून हा भूमिपुत्र कसा सुटला कोण जाणे.) हॉस्पिटलात कॅथलिक बाळंतीण येई, तिला औषध मिळे, आणि रोग्यांसाठी प्रार्थना होई. पण तिने रविवारी त्यांच्या उपासनेला जाऊन बसणे तिच्या पंथाच्या नियमाबाहेरचे होते. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार अन्य पंथीयांच्या उपासनेत भाग घेण्यास मनाई होती. प्रॉटेस्टंटांची भूमिकाही काही मऊ नव्हती. त्यांच्या नियतकालिकांत कॅथलिकांवर मूर्तिपूजेचा ठपका सतत असे. थोडक्यात, मिलाग्रीस लईराईची बहीण होऊ शकली, पण एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या दोन मंडळ्या हाकेच्या अंतरावर राहून एका पंगतीला बसू शकल्या नाहीत. वर्गातल्या त्या मुलीने टिळकांचे नाव न ऐकण्याचे कारण हे असे आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, करजगावचा. म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला. मालवण-वेंगुर्लेही तेव्हा त्याच जिल्ह्यात. १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंची ताटातूट, त्यांचे हाल, मग त्यांचे परत येणे आणि १९०० मधला बाप्तिस्मा, हे सारे ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना पाठ आहे. मात्र एक गोष्ट आपण विनोदाच्या भरात विसरतो. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हेत; सोवळे, वेगळे पाणी, वेगळे अन्न सांभाळत त्या राहिल्या. जातिभेद माणसांनी केलेला, देवाने नव्हे, हा निर्णय त्यांनी स्वतःशी केला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. माझ्या मते मराठी ख्रिस्ती साहित्यात देवाच्या राज्याविषयी लिहिलेले सर्वांत खरे प्रकरण हे आहे, आणि त्यात देवाचे राज्य हा शब्ददेखील आलेला नाही असे म्हटले तरी चालेल. कास्त्रुच्या आरशात जे दिसले नाही, ते या बाईला पाण्याच्या भांड्यात दिसले.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. मिशनशी त्यांचे पटत होते आणि पटत नव्हते. हिंदी ख्रिस्ती माणसाने मिशनऱ्यांचा पगारी चाकर राहू नये, ख्रिस्त इथल्या माणसाला इथल्या भाषेत भेटावा, हे ते उघड लिहीत. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांनी मनापासून चालवली. पण त्यांचे शेवटचे पाऊल या सर्वांच्या पुढचे होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचे हे कुटुंब असावे, अशी त्यांची कल्पना होती.

‘न घेतलेल्या’ या दोन शब्दांचा भार आज चटकन जाणवणार नाही. बाप्तिस्मा ही ख्रिस्ती मंडळीची शीव. ती ओलांडायला टिळकांनी स्वतः आपली बायको, मुलगा, भाऊबंद, गाव, सारे पणाला लावले होते. ज्याने एवढी किंमत मोजून ती शीव ओलांडली त्यानेच बावीस वर्षांनी म्हणावे, की देवाच्या दरबारात येण्यासाठी ती अट नाही! मिशनरी मित्रांना हे पचणे कठीण होते. त्यांच्या बाजूनेही काही म्हणता येईल : ज्या गरीब, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी उघडपणे बाप्तिस्मा घेऊन गावचा रोष पत्करला, त्यांना काय वाटावे? घरातल्या घरात ख्रिस्तभक्ती करून जात शाबूत राखण्याची सोय वरच्या जातींना या दरबाराने मिळत नव्हती का? हा आक्षेप खोटा नाही. टिळकांची अभंग-कीर्तनाची भाषा अहमदनगर जिल्ह्यातल्या महार-मांग ख्रिस्त्यांना जवळची होती; पण नेतृत्वाचा सूर ब्राह्मण पंडिताचा होता, हेही लपत नाही. तरीही मी टिळकांच्याच बाजूचा आहे. कास्त्रुने राज्यात आपल्या लोकांसाठी जागा मागितली. टिळकांनी आपल्याला मिळालेल्या जागेचे कुंपण काढायला घेतले. या दोहोंत मला फार अंतर दिसते.

त्यांनी ‘राज्य’ हा बायबलातला शब्द न घेता ‘दरबार’ घेतला, हेही सहज झालेले नसावे. ‘देवाच्या दरबारी न्याय आहे’ हे मराठी माणूस बोलतोच. दरबाराला सरहद्द नसते. तिथे दार असते, आणि गाऱ्हाणे घेऊन कोणीही येऊ शकतो अशी निदान समजूत असते. संस्थानी दरबारात खुर्च्यांचा क्रम होता, ही त्या शब्दाची उणी बाजू. टिळकांनी तो क्रम वजा करून शब्द ठेवला. दरबार दोनच वर्षे चालला. १९१९ च्या ९ मे रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे त्याला कोणी वाली उरला नाही. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले. दरबार कोणी पूर्ण केला नाही.

संस्थांच्या पातळीवर एकीकरण झाले ते वेगळ्या वाटेने. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाली, तेव्हा टिळकांची नगरची मंडळी आणि वेंगुर्ल्याची मंडळी प्रथमच एका नावाखाली आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. वाटाघाटी चाळीस वर्षे चालल्या होत्या. त्यांत असलेली अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटी बाहेर राहिली. कॅथलिकांच्या बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली इतर पंथीयांना ‘विभक्त बंधू’ म्हटले, एकत्र प्रार्थनेला मुभा दिली, आणि मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली. आज जानेवारीतल्या ऐक्याच्या आठवड्यात दोन्हींकडचे लोक एकत्र प्रार्थना करू शकतात. ख्रिस्तप्रसादाची भाकर मात्र अजून, अपवाद सोडले तर, आपापल्या वेदीवरच घ्यायची असते. ठरावांनी जे जोडायचे ते बरेच जोडले. पंगतीचा प्रश्न, जो लक्ष्मीबाईंनी आपल्यापुरता सोडवला, तो ठरावांना अजून सुटलेला नाही.

इकडे किनाऱ्यावरच्या कॅथलिकांचे प्रशासन राजकारणाच्या मागोमाग बदलत गेले. १९५० साली पोर्तुगालने आपल्या वसाहतींबाहेरचे पाद्रोआदोचे हक्क सोडले आणि पुढे हा मुलूख पुण्याच्या धर्मप्रांतात आला. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला. २००५ च्या जुलैत पुण्यातून काढून नवा कॅथलिक धर्मप्रांत करण्यात आला. पहिले बिशप ॲल्विन बरेटो, आसन सावंतवाडीला, त्याच मिलाग्रीस सायबिणीच्या इगर्जीत. कास्त्रुच्या बांद्यापासून आणि वेंगुर्ल्यापासून ते फार दूर नाही. कास्त्रुच्या क्षेत्राला रोमने आदिलशहाचे नाव दिले होते. या धर्मप्रांताचे अधिकृत नाव आहे ‘सिंधुदुर्ग’, म्हणजे शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या किल्ल्याचे.

ती विद्यार्थिनी एम.ए. झाली. निरोपाच्या दिवशी तिने मला सांगितले, की ‘स्मृतिचित्रे’ तिने घरी आईला वाचून दाखवले, आणि लक्ष्मीबाई पाणी पितात ते पान आईने दोनदा वाचायला लावले.